खोक्यातला वारा

दुपारची जेवणे आटोपली, भांडी घासून पालथी घातली, की आमच्या घरात अडकित्त्याचा आवाज येई. कट्. मग थोडी शांतता. मग पुन्हा कट्. सासूबाई एक पाय दुमडून, एक पसरून गॅलरीच्या उंबऱ्याशी बसत आणि सुपारी कातरत. मांडीवर चंची उलगडलेली असे. एका कप्प्यात सुपारी, दुसऱ्यात कात, तिसऱ्यात चुन्याची डबी. चंचीत पान मात्र कधी नसे. ते त्या उठून गॅलरीतल्या वेलीवरून तोडून आणत, पदराला पुसत, देठ नखाने खुडत आणि घडी करून गालात ठेवत. सकाळपासून मोजके दहा शब्द बोललेल्या या बाईला मग वाचा फुटे. भाताची खाचरे, मिठागरावरची पांढरी दुपार, लग्नात रात्रभर म्हटलेली धवलगीते, खाडीत पाय रुतला तेव्हा कुणी हात दिला, हे सगळे मी पानाच्या वासात ऐकले आहे. तिखट, हिरवा, जिभेच्या मागे जरा झिणझिण्या आणणारा तो वास. मी कोकणातून या घरात सून म्हणून आले. हे गाव मला त्यांच्या तोंडूनच माहीत झाले.

दोन वर्षांपूर्वी, पाऊस सरत आला तेव्हा, तो आवाज बंद झाला.

वेल आजारी पडली होती. पानांवर आधी पाण्याचे थेंब वाळल्यासारखे ठिपके आले. मग ते काळे झाले, ओले झाले, आणि बोट लावले की पान मऊ पडून हातात येऊ लागले. कुंडीजवळ वाकले तर तिखट वासाऐवजी जुन्या फडक्याचा वास येई. सासूबाईंनी एके दिवशी चंची गुंडाळली, तिच्या बंदाला गाठ मारली आणि देवघराशेजारच्या खिळ्याला ती टांगून ठेवली.

"येल बरी झाल्यावर खाईन," एवढेच त्या म्हणाल्या.

मी बाजारातून पाने आणून दिली. त्यांनी एक हातात घेतले, उलटसुलट केले, आणि परत माझ्या हातावर ठेवले. "पान्यात भिजवल्याली हायेत. याला काय चव, बाय? गवत खाल्ल्यासारका." नंतर मी पाने आणली नाहीत. त्या गेली साठ वर्षे एकाच वेलीचे पान खात होत्या आणि आता ती वेल सुधारेपर्यंत खाणार नव्हत्या. वेल सुधारली नाही तर काय, हे आम्ही कुणीही विचारले नाही. ऐंशी ओलांडलेल्या बाईला असे विचारता येत नाही.

ती वेल त्यांच्या सासूने लावलेली. बोनकोडे गावातल्या आमच्या जुन्या घराच्या परसात शेवग्याचे झाड होते, त्याच्या खोडावर ती चढली होती. खाडीच्या बाजूने कारवीच्या काठ्यांचा कूड होता. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूने त्यांना पहिली शिकवण दिली ती या वेलीची: खारा वारा हिला सोसत नाही. वारा लागला की पानांच्या कडा जळतात. म्हणून दर वर्षी पावसाळा संपला की कूड दुरुस्त करायचा, मोडक्या काठ्या काढून नव्या बांधायच्या. हे काम सासूबाईंनी दुसऱ्या कुणाला कधी करू दिले नाही.

पुढे घर पाडून तिथे चार मजली इमारत उभी राहिली. आजूबाजूला सगळ्यांनीच तसे केले. शेवगा गेला, कूड गेला; वेलीचे दोन पेरांचे तुकडे सासूबाईंनी ओल्या पोत्यात गुंडाळून वर्षभर भाड्याच्या खोलीत जपले आणि नव्या घराच्या गॅलरीत कुंडीत लावले. काथ्या गुंडाळलेल्या काठीवर वेल चढली. पहिली दोन वर्षे शेजारचा प्लॉट मोकळा होता. मग तिथेही इमारत आली, इतकी लगत की त्यांच्या स्वयंपाकघरातली फोडणी आमच्या गॅलरीत तडतडल्यासारखी वाटे. आम्ही गॅलरीला सरकत्या काचा बसवल्या. धूळ थांबली, डास थांबले. आणखी काय थांबले ते आम्हाला कळले नाही.

वेल आजारी पडली तेव्हा सासूबाईंना त्याचे कारण शोधावे लागले नाही. ते त्यांना साठ वर्षांपासून ठाऊक होते. वारा लागतोय. त्यांनी काचा घट्ट बंद केल्या. आपले एक जुने हिरवे लुगडे अर्धे फाडून, दोरीवर टाकून, कुंडीभोवती पडद्यासारखे सोडले. सकाळ-संध्याकाळ वेलीवर पाणी शिंपडले. डाग वाढले, तसा त्यांनी लुगड्याचा दुसरा अर्धाही लावला. आणि मी, शिकलेली सून, त्यांच्या या सेवेत मनापासून सामील होते. त्याच गॅलरीत ओले कपडे वाळत घालत होते आणि घातल्यावर काच न विसरता ओढून घेत होते. त्या वेलीसाठी आम्ही दोघींनी जे जे केले, त्याने ती मरत होती.

हे मला उदबत्तीने दाखवले. पूजा झाली की सासूबाई एक उदबत्ती वेलीच्या कुंडीतही खोचत. एका सकाळी मी कपडे काढायला गेले तेव्हा लुगड्याच्या आडोशात ती जळत होती. धुराची रेघ सरळ वर निघाली होती. कुणी दोरा ताणून धरावा तशी, छतापर्यंत. मी बघत उभी राहिले. ती हलली नाही, वाकली नाही, विरली नाही. वर जाऊन छताशी साचत राहिली. परसात उदबत्ती लावली की वास घरभर फिरायचा, असे सासूबाई सांगत, ते मला आठवले. इथे माझ्या मानेवर घाम होता आणि काचेच्या आतल्या बाजूने पाण्याचे बारीक थेंब धरले होते. गॅलरीत वारा नव्हताच. जो शत्रू घरात नाही त्याच्यासाठी आम्ही दारे लावून बसलो होतो.

संध्याकाळी नवरा बेलापूरहून आला तेव्हा मी त्याला तो धूर दाखवला. तो कचेऱ्यांतले संगणक दुरुस्त करतो. तीस वर्षे हेच काम. तो धुराकडे बघत म्हणाला, "हा तर बंद पडलेला कॅबिनेट झालाय."

"म्हणजे?"

"आतली हवा फिरत नाही. पंखा बंद पडला की यंत्र असंच आतल्या आत शिजतं." मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता, "माळ्यावरचं खोकं काढू का?"

त्या खोक्याचा आमच्या संसारात जुना इतिहास आहे. भंगारात निघालेल्या प्रत्येक संगणकाचा पंखा तो काढून घेई आणि घरी आणी. "बाकी सगळं मरतं, पंखा मरत नाही," असे त्याचे म्हणणे. दर दिवाळीच्या सफाईला मी ते खोके टाकून द्यायला सांगत असे आणि दर दिवाळीला ते जरा जड होऊन वर जाई. आता ते खाली आले. काळे चौकोनी पंखे, वीतभर रुंद, पात्यांवर कितीतरी कचेऱ्यांची मऊ राखाडी धूळ. वर्तमानपत्र पसरून आम्ही दोघे बसलो. जुन्या दातांच्या ब्रशने मी पाती घासली. त्याने मधल्या गोल कागदाची कड उचलून शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब आत सोडला. बोटाने ढकलले की पाती फिरत राहत, कुठेही न अडखळता, आणि हाताला येणारी झुळूक इतकी हलकी असे की कुणी दुसऱ्या खोलीतून फुंकर घातली असे वाटावे.

सासूबाई उंबऱ्यावरून बघत होत्या.

"ये कनासाठी?"

"येलीसाठी, आये."

"येलीला पंखा?" त्यांनी माझ्याकडे पाहिले, जणू हा मुलगा त्यांचा नसून माझा. "साठ वरसं मी तिला वारा लागू दिला नाय. आन् तू पंखा लावतंस."

"आये, आत हवाच नाय. कोंडलंय सगळं."

"तू त्या खोक्यांची डॉक्टरी कर," त्या म्हणाल्या. "झारांची राहू दे."

तरी त्याने लावलाच. उत्साहाच्या भरात दोन पंखे कुंडीसमोर, हातभर अंतरावर, तोंड थेट वेलीकडे. जुन्या इंटरनेटच्या डब्याचा अडॅप्टर जोडला. पंखे घुमले, पाने थरथरली, लुगड्याचा पडदा फुगला आणि आम्हाला फार आनंद झाला.

नवरा कामावर गेला की सासूबाई प्लग काढत. तो येण्याच्या वेळेला पुन्हा लावत. मला हे दिसत होते आणि मी दोघांनाही काही सांगितले नाही. चौथ्या दिवशी रविवार होता, तो घरी होता, म्हणून पंखे दिवसभर चालले. संध्याकाळी वेलीच्या शेंड्याचे कोवळे पान, त्या पावसाळ्यात आलेले एकुलते एक नवे पान, कडेने तपकिरी होऊन आत वळले होते. सासूबाईंनी ते पाहिले. रागावल्या नाहीत. पदराने हळूच ते पान झाकले, जसे झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावे.

"मी सांगत हुती," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजल्या.

वेलीवर आता चार पाने उरली होती, आणि त्यातल्या दोन पानांवर डाग होते. नवऱ्याने पंखे काढून खोक्यात ठेवले. जेवताना मला राहून राहून वाटत होते की सासूबाई आणि नवरा, दोघेही खरे बोलत आहेत. वाऱ्याने पान जळते हे मी डोळ्यांनी पाहिले होते. वाऱ्यावाचून ते कुजते हेही पाहिले होते. मग परसातली वेल इतकी वर्षे कशी जगली?

दुसऱ्या दिवशी दुपारी सुपारी कातरण्याच्या वेळी मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. हात रिकामे होते त्यांचे. नख बोटाच्या कडेवरून फिरत होते, चुना लावल्यासारखे.

"आई, परसातला कूड कसा होता?"

"कसा म्हंजे? कूडासारका कूड."

"शेणाने लिंपलेला?"

"नाय गं. घराचा कूड लिपाचा. परसाचा कशाला लिपाचा?" त्यांना माझी कीव आली असावी. त्यांनी दोन्ही हातांची बोटे समोर उभी धरली, एकमेकांत अडकवली, जरा सैल केली. "अशा काठ्या. मदी एवरी फट. करंगली जाईल एवरी."

"मग फटीतून वारा येत नव्हता आत?"

"येवाचा ना. पन गालून येवाचा."

वारा गाळून, हे स्वतःच्याच तोंडून ऐकून त्या थांबल्या. बोटे तशीच एकमेकांत, डोळ्यांसमोर. त्या बोटांच्या फटींतून त्या गॅलरीकडे बघत राहिल्या: बंद काच, लुगड्याचे दोन्ही अर्धे, मागे कुठेतरी चार पाने. शेजारच्या इमारतीत कुकरच्या शिट्या वाजत होत्या.

"साठ वरसं," त्या शेवटी म्हणाल्या. "मी काठ्याच मोजल्या."

मग हात टेकून उठल्या. "बाय, खराटा आन. जुना."

मी खराटा आणला. त्यांनी त्याची दोरी सोडली, माडाचे हीर जमिनीवर पसरले, वाकडे बाजूला काढले, सरळ निवडले. सुतळी मागितली. मग पसरलेल्या पायाच्या अंगठ्याला सुतळीचे टोक अडकवून त्या विणायला बसल्या. हीर, पीळ, हीर, पीळ. मध्ये करंगळी घालून फट बघत. अडकित्त्याची सवय असलेली ती बोटे पंधरा दिवसांनी पुन्हा कामाला लागली होती आणि हिरांचा कोरडा, बारीक करकर आवाज येत होता. नवरा घरी आला तेव्हा वीतभर उंचीचे दोन कूड तयार होते.

त्याने एक हातात घेऊन उजेडाकडे धरले. "आये, ही त जाली झाली."

"जाली नाय. कूड. तुज्या पंख्याम्होरं लाव. आन् त्याला सांग, बोंब मारू नको."

बोंब न मारण्याची व्यवस्था त्याने केली. इंटरनेटच्या डब्याचा अडॅप्टर बाजूला ठेवला आणि मोबाइलच्या जुन्या चार्जरची वायर कापून पंख्याला जोडली, तांबडीला तांबडी, काळीला काळी. निम्म्याहून कमी ताकदीवर पंखा सावकाश फिरू लागला. इतका सावकाश की सुरू करताना त्याला बोटाने ढकलावे लागे. पंख्याच्या चौकटीवर एक लहानसा बाण असतो, हवा कुठे जाते ते दाखवणारा. तो बाण त्याने आता वेलीकडे धरला नाही. तिच्या बाजूने, भिंतीकडे वळवला, म्हणजे वारा भिंतीला लागून, मोडून परत येईल. पुढे हिरांचा कूड उभा केला. लुगडे सासूबाईंनी स्वतः काढले, घडी घातली. शिंपडायचे पाणी बंद झाले. पाणी फक्त मुळाशी. माझे ओले कपडे गच्चीवर गेले.

मग मी उदबत्ती पेटवून कुंडीत खोचली.

रेघ वर निघाली. वीतभर सरळ गेली, आणि वाकली. झुकली, पानांच्या खालून गेली, भिंतीपाशी उलगडली आणि परत येऊन काठीभोवती सैलसर फिरली. सर्वांत खालचे पान हलले. थरथरले नाही; मान डोलवावी तसे एकदा हलले आणि थांबले. सासूबाई कुंडीशी उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे करून तो वारा तळहातावर घेतला, जणू भात शिजला का ते बघत आहेत.

"हां," त्या म्हणाल्या.

पंखे कधी चालवायचे हेही मग त्यांनीच ठरवले. आमची गॅलरी लांबट आहे. तिचे एक टोक डोंगराकडे, दुसरे खाडीकडे. सासूबाईंच्या सांगण्यावरून एक पंखा या टोकाला बसला, दुसरा त्या. सकाळी डोंगराकडचा चालायचा. दुपार कलली की तो बंद आणि खाडीकडचा सुरू, कारण गावात वारा असाच वळायचा. मधे दोन घटका काहीच नाही. रोज तीनच्या सुमारास त्या उठून जात, एक बटण बंद करत, चारला दुसरे लावत आणि बोटाने पात्याला ढकलत. एकदा मी कामात असताना नवऱ्याचा फोन आला. आई कुठे आहे असे त्याने विचारले. मी म्हटले, गॅलरीत, वारा वळवतायत. "आये आता खाडी चालवते," तो म्हणाला, आणि कचेरीत कुणाला तरी तेच मोठ्याने सांगितलेले मला ऐकू आले.

डाग लगेच गेले नाहीत. डाग पडलेली दोन पाने गळून गेलीच. पण बाकीच्या दोन पानांवर नवे आले नाहीत. थंडी सुरू झाली, तेव्हा एका पेरापाशी टोकदार, फिकट, जवळजवळ पिवळसर असा कोंब दिसला. सासूबाईंनी तो मला दाखवला नाही. मी पाहिला हे त्यांना कळू नये म्हणून मीही गप्प राहिले. नवऱ्यानेही पाहिला होता आणि तोही गप्प होता. आठवडाभर आम्ही तिघे एकाच कोंबाविषयी काही न बोलता घरात वावरलो. तो उलगडला तेव्हा त्याची कड गुळगुळीत होती. त्यानंतर दुसरे पान आले, मग तिसरे. पानांचा मेणचट चमकदारपणा परत आला. सकाळी गॅलरीत गेले की फडक्याचा वास येत नसे; माती, थोडे गरम तेल आणि त्याखाली, अगदी खाली, तो तिखट हिरवा वास.

होळीच्या जवळपासची दुपार होती. मी ताटे पालथी घालत होते. मागे खिळ्यावरून काहीतरी काढल्याचा आवाज आला. वळून पाहिले तर सासूबाई उंबऱ्याशी बसल्या होत्या आणि बंदाची गाठ सोडत होत्या. ती इतकी घट्ट बसली होती की त्यांनी दातांनी ओढली. मग उठल्या. वेलीवर तेव्हा अकरा पाने होती. आम्हा तिघांनाही आकडा पाठ होता. त्यांनी सर्वांत खालचे, सर्वांत जुने पान धरले, ते आजारातून वाचलेल्या दोन पानांपैकी एक होते. देठाशी नख लावले आणि क्षणभर थांबल्या. मी हात पुसायचे विसरले.

पान तुटल्याचा आवाज फार बारीक असतो.

त्यांनी ते पदराला पुसले, मधोमध फाडले आणि अर्धे माझ्यापुढे धरले. सुपारी जुनी होऊन कडक झाली होती. अडकित्ता एकदा घसरला, दुसऱ्यांदा लागला. कट्. आम्ही दोघी समोरासमोर बसून चावू लागलो. खाडीकडचा पंखा सुरू व्हायला अजून अवकाश होता, आणि माझ्या जिभेच्या मागे हळूहळू झिणझिण्या येत होत्या. मला त्या पूर्वीपेक्षा कमी वाटल्या नाहीत. पण सासूबाईंचे कपाळ आक्रसले होते. त्यांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेले, विचार केला.

"तिखट नाय," त्या म्हणाल्या. "वारा कमी परतंय."

मी काही म्हणायच्या आत त्यांनी तोंडातला रस सावरला, पाय पसरला आणि माळ्याकडे मान करून विचारले, "त्या खोक्यात आजून एक हाय का?"

मी म्हटले, बरेच आहेत.

"मंग राहू दे ते खोकं," त्या म्हणाल्या. "टाकू नको." आणि मग, कितीतरी महिन्यांनी, सुपारी कातरता कातरता त्या बोलू लागल्या. सासूने पहिल्यांदा कूड बांधायला बसवले तेव्हा त्यांना काठी नीट धरता येत नव्हती, तिथपासून.